शंभर लिटर खाऱ्या पाण्यात कोणाकोणाला एकत्र ठेवावे? (सोलापूर)

हौदवाला

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूर भागात राहतो आणि गेली अकरा वर्षे गोड्या पाण्यातले मासे पाळत आलो आहे. खाऱ्या पाण्याची ही पहिलीच टाकी. ती दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. हिशेबाने त्यात १२७ लिटर पाणी मावते, परंतु खडक, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी शंभर लिटरच्या आसपासच भरते. कोरडा खडक टाकून मार्चपासून टाकी रिकामीच चालू ठेवली आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन तीन आठवडे झाले, नायट्रेट दहाच्या आत आहे आणि रिफ्रॅक्टोमीटर खारटपणा ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) दाखवतो.

आता प्राणी आणावेत असे मनात आहे. माझी यादी अशी: क्लाउनफिशची जोडी, एक निळा टँग, एक मँडरिन, तीन निळे डॅमसेल, दोन क्लीनर कोळंब्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक बँडेड कोळंबी, क्लाउनसाठी एक कार्पेट समुद्रफूल, एक तारामासा आणि जमतील तशी प्रवाळे. जाणकारांना ही यादी वाचून हसू येईल याची मला कल्पना आहे. तरीही कोणते नाव खोडावे आणि का खोडावे, हे कारणासह सांगितल्यास उपकार होतील. पुण्यातल्या एका दुकानात विचारले असता "सगळे एकत्र राहतात" एवढेच उत्तर मिळाले.

खडकातली_कोळंबी

हसण्यासारखे काही नाही. माझी पहिली यादी याहून लांब होती. दुकानदाराचे उत्तर त्याच्यापुरते खरेही आहे, कारण त्याच्याकडे हे सगळे प्राणी आठ-दहा दिवस एकत्र राहतात. जागेवर हक्क सांगण्याइतका मुक्काम तिथे कोणाचाच होत नाही.

आपण बहुतेक जण "जुळणारे" या शब्दाचा अर्थ "एकमेकांना न खाणारे" एवढाच घेतो आणि तिथेच फसतो. लहान टाकीत आणखी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मोठेपणीचे आकारमान, रोजचे खाद्य, आणि खडकातली बसायची जागा. तुमची नावे याच तीन कसोट्यांवर पाहू.

निळा टँग, म्हणजे पॅराकँथुरस हेपॅटस, दुकानात बोटभर दिसतो, परंतु पूर्ण वाढला की तीस सेंटिमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर पोहत राहतो. दोन फुटांची टाकी म्हणजे त्याच्या अंगाची दोन लांबी. "मोठा झाला की परत देईन" हा विचार मीही केला होता; मासा मोठा होण्याआधीच कोंडमाऱ्याने आजारी पडला आणि अंगावर पांढरे ठिपके घेऊन सगळ्या टाकीत रोग पसरवून गेला.

मँडरिन कोणाच्या वाटेला जात नाही, भांडत नाही, आणि तरीही तुमच्या टाकीत तो टिकणार नाही. तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव टिपत फिरतो आणि सुके किंवा गोठवलेले खाद्य बहुतेक वेळा तोंडात घेत नाही. नव्या कोरड्या खडकावर ते जीव पुरेसे नसतातच. दोन-तीन आठवड्यांत ते संपतात आणि मासा हळूहळू खंगत जातो. पाण्याच्या सर्व चाचण्या उत्तम येत असताना मासा उपाशी मरतो, त्यामुळे नवख्याला कारणच उमगत नाही.

डॅमसेल मात्र कशानेही मरत नाहीत, आणि तीच त्यांची अडचण आहे. तीन आणाल तर महिन्याभरात एक उरेल आणि तो एक सबंध टाकीचा मालक होईल. त्याच्यानंतर आलेला प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर. त्याला पकडायचे तर सगळा खडक बाहेर काढावा लागतो, हे अनुभवाने सांगते.

बँडेड कोळंबी, स्टेनोपस हिस्पिडस, दिसायला देखणी आहे, परंतु इतर कोळंब्यांना, विशेषतः कात टाकून मऊ पडलेल्यांना, ती सोडत नाही. क्लीनर हवी की बँडेड, हे ठरवा. शंभर लिटरमध्ये दोन्ही नकोत. क्लीनरची जोडी ठेवायला हरकत नाही.

क्लाउनची जोडी उत्तम. घेताना एक मोठा आणि एक लहान असा घ्यावा. ओसेलारिस जातीच्या क्लाउनचे सगळे मासे जन्मतः नर असतात आणि त्यांच्यातला सर्वांत वरचढ मासा पुढे मादी होतो, म्हणून सारख्याच आकाराचे दोन आणले तर वरचढ कोण हे ठरेपर्यंत मारामारी चालते. आकारात फरक असेल तर तो प्रश्न बराचसा दुकानातच मिटलेला असतो. आपल्याकडे क्लाउनची पैदास टाक्यांमध्ये होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र पूर्वीच बसवून दिले आहे. तेव्हा समुद्रातून पकडलेल्याऐवजी असा पैदाशीचाच मासा मागून घ्यावा. तो खाद्याला सरावलेला असतो.

उजनीचे_पाणी

वरील प्रतिसादाशी सहमत, परंतु धागाकर्ते सोलापूरचे आहेत ही गोष्ट अजून कोणी हिशेबात धरलेली दिसत नाही. मी रेल्वे लाइन्स भागात चार वर्षे अशीच टाकी चालवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रवाळाच्या टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांत असावे असे मानले जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश सहज असतात आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही पाणी तिशीखाली उतरत नाही. पाणी जास्त काळ तिशीच्या वर राहिले की प्रवाळे आपल्या पेशींमधली एकपेशीय शैवाले बाहेर टाकून पांढरी पडू लागतात. त्याहून मोठी गोष्ट प्राणवायूची. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळतो. समुद्राच्या पाण्यात त्याच तापमानाला पावणेसातच्या आसपास, आणि ३० अंशांना सव्वासहाच्याही थोडा खाली. म्हणजे गोड्या पाण्यातला तुमचा "इतके मासे सहज राहतात" हा अंदाज येथे मुळातच चुकीचा ठरतो. त्यात रात्री वीज गेली आणि पाणी हलायचे थांबले की सर्वांत आधी मोठे आणि सतत पोहणारे मासे जातात. टँगचे नाव खोडायला आमच्या गावात हे एकच कारण पुरे आहे.

चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, परवडत नसेल तर पाण्यावर वारा मारणारा पंखा लावा. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि पाणी तीन-चार अंशांनी उतरते. दमट किनाऱ्यावर हीच युक्ती फार काम करत नाही. मात्र त्याची किंमत द्यावी लागते. माझ्या टाकीतून मे महिन्यात रोज अडीच-तीन लिटर पाणी उडते. मीठ मागेच राहते, त्यामुळे शंभर लिटरमधले तीन लिटर उडाले की खारटपणा ३५ वरून ३६ वर जातो. दोन दिवस भर घालायची विसरली तर ३७. माशांना हे चालून जाते, परंतु कोळंब्या, शंख आणि तारामासे यांना असे चढउतार सोसत नाहीत. उडालेल्या पाण्याची भर नेहमी बिनमिठाच्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यानेच घालावी. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा पन्नास लिटरचा एक पिंप त्यासाठी भरून बाजूला ठेवा आणि घरातल्यांना तो कशाचा आहे हे सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा त्यात डाळ भिजली होती.

म्हणून माझे मत असे की प्राणी निवडताना पुस्तकात लिहिलेल्या संख्येच्या निम्मे धरावेत. मे महिन्यातल्या रात्री दोन तास वीज नसताना जे जगतील, तेवढेच आपले.

हौदवाला

दोघांचेही मनापासून आभार. टँग, मँडरिन आणि डॅमसेल खोडले. बँडेड कोळंबीही खोडली, जड अंतःकरणाने.

परंतु समुद्रफुलाविषयी कोणीच काही लिहिले नाही. क्लाउन त्याच्याशिवाय राहतो का? घरातल्या लहान मुलीला मासा फुलात शिरताना पाहायचा आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही.

खडकातली_कोळंबी

क्लाउन समुद्रफुलाशिवाय उत्तम राहतो. निसर्गात त्याला शत्रूंपासून आसरा लागतो म्हणून तो तिथे शिरतो; टाकीत शत्रूच नसतात. पैदाशीच्या कित्येक क्लाउनांनी समुद्रफूल कधी पाहिलेलेही नसते आणि ते फुलाऐवजी पंपाच्या कोपऱ्यात किंवा लेदर प्रवाळात संसार थाटतात.

समुद्रफूल हा प्राणी आहे आणि तो चालतो. आज जिथे बसवाल तिथे उद्या असेलच असे नाही. जाता जाता वाटेतल्या प्रत्येक प्रवाळाला तो डंख मारतो आणि कधी पंपाच्या जाळीत अडकून चिंध्या होतो. मग शंभर लिटर पाणी नासायला एक रात्र पुरते. त्याला प्रखर प्रकाश आणि निदान सहा महिने ते वर्षभर मुरलेली टाकी लागते. कार्पेट जातीचे तर मुळीच नको, कारण त्याच्या चिकट अंगावर चुकून टेकलेला मासा परत सुटत नाही.

रात्रपाळी

येथे माझा मतभेद नोंदवतो. मी दोन वर्षांपासून कार्पेट समुद्रफूल आणि क्लाउनची जोडी ठेवली आहे आणि दोन्ही सुखरूप आहेत. नवख्यांनी काही करूच नये असा सूर धाग्यात उमटतो आहे, तो मला पटत नाही.

मात्र प्रामाणिकपणे हेही लिहितो की माझी टाकी चार फुटांची आहे, त्यात समुद्रफुलाखेरीज एकही प्रवाळ नाही, आणि पहिल्या वर्षी त्यात एक फायरफिश आणि एक गोबी होते, जे आता नाहीत. फायरफिश तर माझ्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हा असे म्हणा की समुद्रफूल ठेवता येते, परंतु मग टाकी समुद्रफुलाची होते.

खडकातली_कोळंबी

हे मान्य. शेवटच्या वाक्यासाठी विशेष आभार.

नोटीसबोर्ड

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, सागरपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या घालण्यात आल्या. ट्रायडॅक्ना मॅक्झिमा आणि ट्रायडॅक्ना स्क्वामोसा हे मोठे शिंपलेही त्यात आहेत. आपल्या किनाऱ्यावरून किंवा बेटांवरून यांतले काहीही काढणे, विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. "जिवंत खडक" या नावाने विकला जाणारा माल जर खऱ्या प्रवाळभित्तीतून तोडलेला असेल तर तोही यातच मोडतो, त्यामुळे धागाकर्त्यांनी कोरडा खडक वापरला हे फार बरे केले. परदेशी पैदाशीच्या कठीण प्रवाळांवर सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराची बंधने आहेत, आणि आपल्या अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटिसच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते. विकणारा कागद दाखवू शकत नसेल तर तेथून निघावे. "जमतील तशी प्रवाळे" हा शब्दप्रयोग म्हणून मला खटकला.

उजनीचे_पाणी

कायदा आणि ऊन या दोन्ही बाजूंनी पाहिले तर आपल्यासारख्याने मऊ प्रवाळांपाशीच थांबावे. मशरूम, झोअँथिड आणि लेदर ही तिन्ही थोडा चढउतार सोसतात, मध्यम प्रकाशावर भागवतात आणि पाण्यात पाच-दहा नायट्रेट असले तर उलट खुलतात.

मात्र त्यांचेही आपसांत सख्य असते असे समजू नका. लेदर पाण्यात रसायने सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखते. लहान टाकीत त्याचा परिणाम लवकर दिसतो, म्हणून सक्रिय कोळशाची पिशवी कायम असावी आणि महिन्याला बदलावी. झेनिया आणि हिरवे स्टार पॉलिप पहिले सहा महिने कौतुकाचे वाटतात, पुढे सबंध खडक गवतासारखा व्यापतात. ती हवीच असतील तर मुख्य खडकापासून अलग, वाळूत एका सुट्या दगडावर ठेवा.

झोअँथिडांविषयी एक सूचना गांभीर्याने घ्यावी. त्यांच्यातल्या काहींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्यांनी भरलेला दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्यात घालून घासू नका, कारण वाफेतून ते विष श्वासात जाते. घरात लहान मूल आहे म्हणून मुद्दाम लिहिले.

रात्रपाळी

तारामासा राहिला. चॉकलेट चिप म्हणून मिळणारा तारामासा प्रवाळे खातो, आणि निळा लिंकिया लहान टाकीत काही महिन्यांत उपासमारीने विरघळत जातो. तिसरा पर्याय शोधत बसण्यापेक्षा चार-पाच ट्रोकस शंख आणि वाळू उलथणारे तीन-चार नासारियस शंख घ्यावेत. सोबत दहाएक शंखवासी खेकडे घेतले की सफाईचा प्रश्न मिटला.

खडकातली_कोळंबी

खेकड्यांना माझा विरोध आहे. शंखवासी खेकडा वाढला की त्याला मोठे घर लागते, आणि रिकामे घर नसेल तर तो राहत्या शंखाला मारून त्याचे घर घेतो. मी दहा खेकडे आणि आठ शंख ठेवले होते. वर्षअखेर सहा खेकडे उरले, शंख एकही नाही.

आणखी एक धोक्याची सूचना, कोळंब्यांच्या नावाबाबत. खडकावर एप्टेशिया नावाची बारीक तपकिरी समुद्रफुले उगवली तर ती खायला पेपरमिंट कोळंबी आणतात. तिच्या नावाखाली अनेकदा कॅमल कोळंबी दिली जाते, जी मशरूम आणि झोअँथिडच खाते. पेपरमिंटचे अंग पारदर्शक आणि त्यावर बारीक तांबड्या रेघा असतात. कॅमलच्या पाठीला ठळक कुबड असते, डोळे मोठे असतात आणि लाल अंगावर पांढरे पट्टे व ठिपके असतात. फोटो मागवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

हौदवाला

आता यादी अशी झाली आहे: क्लाउनची जोडी, दोन क्लीनर कोळंब्या, शंख, आणि तीन प्रकारची मऊ प्रवाळे. खेकड्यांबाबत विरोध करणाऱ्या बाजूने कौल देतो.

एक जागा उरली आहे असे वाटते. वाळूलगत राहणारा पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी, ही जोडी चालेल का?

खडकातली_कोळंबी

चालेल, आणि माझ्या मते तुमच्या टाकीसाठी याहून चांगली निवड नाही, कारण क्लाउन वरच्या आणि मधल्या पाण्यात राहतात तर ही जोडी तळाशी. दोघांचा एकमेकांशी संबंधच येत नाही. पिस्तूल कोळंबीला जवळपास दिसत नाही. ती दिवसभर वाळू उपसून बीळ करत राहते आणि बाहेर येताना आपली एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघेही आत. मुलीला दाखवायला हे फुलात शिरणाऱ्या माशापेक्षा कमी नाही. तिच्या मोठ्या नांगीचा आवाज मात्र खोलीभर ऐकू येतो. काच तडकल्यासारखा वाटतो, घाबरू नका. ती क्लीनरना सहसा त्रास देत नाही, कारण त्या खडकावर वर राहतात.

दोन अटी. खडक वाळूवर ठेवलेला असेल तर ती खालची वाळू उपसून सगळा डोलारा पाडते, म्हणून तळाचे दगड थेट काचेवर टेकलेले हवेत. दुसरे म्हणजे टाकीवर झाकण हवे, कारण गोबी उडी मारतो. काचेचे झाकण ठेवलेत तर पंख्याचा उपयोग संपतो. बारीक छिद्रांची नायलॉन जाळी चौकटीवर ताणून बसवा, म्हणजे वाफही जाईल आणि मासाही राहील.

उजनीचे_पाणी

क्रमाबद्दल. आधी शंख, दोन आठवड्यांनी गोबी आणि पिस्तूल कोळंबी, मग क्लीनर, आणि क्लाउन सर्वांत शेवटी. क्लाउन सौम्य म्हणून ओळखला जात असला तरी जम बसल्यावर आपला कोपरा राखतो आणि मादी तर हातालाही चावते. लाजाळू माशाला आधी घर मिळाले पाहिजे.

प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचे औषध चालते, परंतु ते कोळंब्या, शंख आणि प्रवाळे यांना मारते, म्हणून प्राणी एकदा मुख्य टाकीत गेले की तिथे औषध करता येत नाही. रोग शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून टाकी निदान सहा ते आठ आठवडे माशांविना ठेवावी लागते. सावध लोक ७६ दिवस मोजतात. टबाचा मग आणि जाळी मुख्य टाकीत बुडवायची नाही.

प्राणी मुंबईहून आणणार असाल तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने आणा. थर्माकोलच्या पेटीत पिशव्या ठेवल्या की सकाळपर्यंत तापमान फारसे हलत नाही. कोळंब्या घरी आल्यावर टाकीचे पाणी थेंबथेंब सोडत दीड-दोन तास सरावू द्या. दुकानात खारटपणा बराच कमी ठेवलेला असतो. आणि हे सगळे आत्ता नको. पहिला पाऊस होऊन हवा उतरू द्या. जूनअखेरीपर्यंत टाकी शंखांवरच चालवा.

हौदवाला

ठरले. शंख या आठवड्यात, बाकी सर्व पावसानंतर. जाळीची चौकट काल सुताराकडे सांगून आलो; त्याने दोनदा विचारले की मच्छरदाणी माशांना कशासाठी.

आज टॉर्च लावून तळ पाहिला. तिन्ही मोठे दगड वाळूवरच बसवलेले आहेत, काचेला एकही टेकलेला नाही. रविवारी सगळा खडक उतरवून पुन्हा रचतो, मगच मुंबईचे तिकीट काढतो.